होडी दुसऱ्या जलाशयात नेण्यापूर्वी तिची तपासणी कशी करावी

मुळा-मुठेच्या पात्रावर पसरणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली आहे. प्रवाहाबरोबर ती भीमेत आणि पुढे उजनीच्या दिशेने वाहत जाते; परंतु वरच्या अंगाला असलेल्या पानशेत किंवा मुळशीच्या पाण्यात ती प्रवाहाविरुद्ध चढू शकत नाही. तिला तिथवर पोहोचवू शकणाऱ्या साधनांत आपली होडीही येते, मग ती कयाक असो, हवेची रबरी होडी असो वा ट्रेलरवरून नेलेली मोटारबोट. म्हणून तपासणी घरी आल्यावर नव्हे, होडी बाहेर काढली त्याच काठावर करावी.

प्रथम होडी उलटी करून तळावरून आणि कडांवरून हात फिरवावा. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक शंखगोगलगाई आणि त्यांच्या अंड्यांचे बुळबुळीत पुंजके बोटांना लागतात. वल्ही, नांगर, दोर, ट्रेलरची चाके आणि मोटारीचा पंखा यांत अडकलेली प्रत्येक काडी काढावी, कारण कोंब असलेल्या एका तुकड्यापासूनही जलपर्णीचे नवे झाड उभे राहते आणि अनुकूल हवेत साधारण दोन आठवड्यांत तिचा विस्तार दुप्पट होऊ शकतो. काढलेला कचरा पाण्यात परत न टाकता काठापासून दूर, उन्हात पसरावा.

खरी काळजी घ्यावी ती चिखलाची. हिरवे पान कोणालाही दिसते, पण जलपर्णीचे बी अगदी बारीक असते आणि गाळात ते १५ वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहू शकते. नांगराच्या फटी, बुटांचे तळवे, रबरी होडीच्या शिवणी आणि बसण्याच्या जागेखालचे कोपरे जुन्या दातघासणीच्या ब्रशने घासून काढावेत. वरवर पाणी मारून हे काम होत नाही.

त्यानंतर तळाचे बूच उघडून साचलेले पाणी तिथेच सोडावे. मोटार असल्यास ती उभी धरून थंडाव्यासाठी आत घेतलेले पाणीही निथळू द्यावे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तर होडी रस्त्यावरून नेताना बूच काढलेले असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे तशी सक्ती नसली तरी ती सवय उचलण्याजोगी आहे. गळासाठी नेलेले जिवंत मासे मात्र कुठल्याच पाण्यात सोडू नयेत, विशेषतः तिलापिया, कारण हा आफ्रिकी मासा झपाट्याने वाढतो आणि स्थानिक माशांचे अन्न व विणीच्या जागा बळकावतो.

घरी आल्यावर होडी नळाच्या पाण्याने धुवावी. ते पाणी ओढ्यात जाणार नाही, मातीत मुरेल, अशी जागा निवडावी. नंतर किमान पाच दिवस ती कोरडी राहू द्यावी. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत एवढ्याने भागत नाही. तेव्हा आतले पाणी फडक्याने टिपून होडी पंख्याखाली ठेवावी आणि लाइफ जॅकेट उलटसुलट करून वाळवावे.

एकाच दिवशी दोन ठिकाणी वल्हवायचे असल्यास वाळवण्याला वेळच मिळत नाही. अशा वेळी आधी वरच्या धरणात उतरावे आणि नदीच्या पात्रात नंतर, याच्या उलट कधीही नाही.