मृगाआधी अवजारांचे नट-बोल्ट बघून घ्या

मृगाच्या तोंडावर कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र शेडबाहेर निघतात. फाळ आणि पाती सगळेच बघतात. त्यांना धरून ठेवणाऱ्या बोल्टांची आठवण मात्र वापसा आल्यावर, म्हणजे पावसानंतर जमीन कामाजोगी झाल्यावर, ट्रॅक्टर शेतात मध्येच उभा राहिला की होते.

बोल्ट बदलायचा असेल तर जुना बोल्ट नटासकट दुकानात न्या. नुसतं ‘अर्ध्या इंची द्या’ म्हणून भागत नाही. अर्धा इंच, म्हणजे चार सूत, भरतो 12.7 मिमी. 12 मिमीचा बोल्ट त्याच्या नटात सैलसर शिरतो, बसल्यासारखा वाटतो, पण आटे जुळलेले नसतात आणि भार आला की सुटतो. 12 मिमीतही जाड आट्याचं अंतर 1.75 मिमी, बारीक आट्याचं 1.25 किंवा 1.5 मिमी. नट हातानेच शेवटपर्यंत फिरायला हवा. अडला तर पाना लावून रेटू नका, जोडी चुकलेली आहे.

मग मुंडीवरचा आकडा बघा. 4.6 म्हणजे साधा बोल्ट, 8.8 म्हणजे हायटेन्साइल, जास्त ताण सोसणारा. साधा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला साधारण 40 किलो ताणाला तुटतो, 8.8 चा साधारण 80 किलोला. रोटाव्हेटरची पाती आणि कल्टिव्हेटरचे दांडे यांना हायटेन्साइलच घ्या. दोन-चार रुपये वाचवायची ही जागा नव्हे. मुंडीवर काहीच आकडा नसेल तर तो साधाच धरा.

याला एक अपवाद, आणि चूक होते ती इथेच. पीटीओ शाफ्टचा, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याचा, शिअर बोल्ट तुटण्यासाठीच बसवलेला असतो. पात्याखाली दगड आला की तो जातो आणि गिअरबॉक्स वाचतो. सारखा तुटतो म्हणून तिथे दणकट बोल्ट घातला तर पुढचा झटका थेट गिअरबॉक्सला. कंपनीने पुस्तिकेत सांगितलेल्या मापाचा आणि ग्रेडचाच घ्या, चार-पाच जादा पेटीत ठेवा.

हादऱ्याच्या जागी स्प्रिंग वायसर किंवा नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) लावा. नायलॉकमधलं नायलॉन एकदा काढल्यावर पकड सोडू लागतं, म्हणून दरवेळी नवा. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. नवे बोल्ट पहिल्या तासाभराच्या कामानंतर पुन्हा आवळा. त्याआधी इंजिन बंद, चावी खिशात आणि अवजार जमिनीवर टेकवलेलं असू द्या.

खत पेरणाऱ्या यंत्राचं दुखणं निराळं. खताला ओल धरली की लोखंड भराभर गंजतं. खताच्या पेटीजवळ स्टेनलेसचे बोल्ट परवडतात, पण त्यांचे आटे एकमेकांत जाम होतात, म्हणून ग्रीस लावूनच चढवा. पेरणी संपली की त्याच दिवशी पेटी धुऊन वाळवा.