बोन्सायसाठी वड-नांदुरकीची गुटी: साल सोलतानाच मुळांचा विचार करा

मृगाचा पाऊस पडून हवेत ओल टिकू लागली की गुटी, म्हणजे झाडावरच फांदीची साल सोलून तिथे मुळे फोडायचे कलम, बांधायला घ्या. आर्द्रा लागल्यापासून पुष्य संपेपर्यंत, म्हणजे साधारण २२ जून ते ऑगस्टची सुरुवात, झाडात रस खेळता असतो, साल लाकडापासून सहज सुटते आणि सोललेल्या जागेवर बांधलेले मॉस (ओल धरणारे शेवाळ) लवकर वाळत नाही. बोन्सायसाठी रोपे करणाऱ्यांनी हे पाच-सहा आठवडे हातचे घालवू नयेत.

बोन्साय शिकणारी मंडळी हल्ली ओकची रोपे मागतात. ओक मुख्यतः थंड मुलखातला. त्याच्या काडीला मुळे फुटणे अवघड, गुटीही बेभरवशाची, म्हणून तो बहुधा बियांपासूनच वाढवतात. आपल्याकडे वड, नांदुरकी, उंबर एवढ्या सहज मुळे सोडतात, तर सुरुवात त्यांच्यापासूनच करा. माझा कौल नांदुरकीला: पान मुळात लहान, साल राखाडी आणि छाटल्यावर फूट दाट.

फळझाडाच्या गुटीला मुळे फुटली की काम झाले. बोन्सायच्या गुटीत ती कुठून फुटली हेही तेवढेच महत्त्वाचे. बुंध्याभोवती चहूबाजूंनी पसरलेली मुळे कुंडीत दिसायला हवीत. बोन्सायवाले त्याला नेबारी म्हणतात. फांदी तारेने वळवता येते, पण सगळी मुळे एकाच अंगाला आली तर ते दुरुस्त करण्यात वर्षे जातात.

म्हणून फांदी निवडताना घाई नको. निरोगी, अंगठ्याएवढी किंवा त्याहून थोडी जाड, अंगचाच बाक असलेली फांदी पाहा. जिथे वरचा काप घ्याल तिथे पुढे मातीची पातळी येणार, हे डोळ्यांपुढे ठेवून जागा ठरवा. तिथे सुतळीचा वेढा आवळा आणि त्याच्या कडेने धारदार चाकू फिरवा, म्हणजे काप एका पातळीत येतो. खालचा काप फांदीच्या जाडीच्या दीडपट अंतरावर घ्या आणि मधली साल पूर्ण काढा. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरताना वरच्या कडेशी अडते, आणि मुळे तिथूनच फुटतात. पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढत राहते, म्हणून फांदी सुकत नाही.

साल काढल्यावर लाकडावर बुळबुळीत थर राहतो. तो चाकूच्या पाठीने खरवडून लाकूड कोरडे, खरखरीत लागेपर्यंत काढा. माझी नांदुरकीची पहिली गुटी इथेच फसली. दोन महिन्यांनी प्लास्टिक सोडले तर आत मूळ एकही नाही, आणि सोललेल्या जागेवर नव्या सालीचा हिरवट पूल वरपासून खालपर्यंत जोडलेला. तेव्हापासून मी बोटाने चाचपल्याशिवाय मॉस बांधत नाही.

चीक वाहतो तो ओल्या फडक्याने पुसून थांबू द्या. मॉस रात्रभर भिजवून, मुठीत दाबल्यावर थेंब गळणार नाही इतके पिळा आणि वरची कड मधोमध येईल असा गोळा बांधा. वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा. वरची गाठ सर्वांत घट्ट हवी, कारण पावसाचे पाणी फांदीवरून ओघळून आत शिरले की मॉस कुजते. प्लास्टिकवर काळे कापड बांधा, मुळांना अंधार मानवतो. पावसाने आठवडाभर उघडीप दिली तर गोळा दाबून पाहा. वाळला असेल तर सिरिंजने थोडे पाणी सोडा.

वड-नांदुरकीला चार ते सहा आठवड्यांत मुळे दिसू लागतात. पांढरी मुळे दिसताच फांदी कापायचा मोह होतो, पण ती काचेसारखी ठिसूळ असतात. ती तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटेपर्यंत थांबा. मग गुटीखाली अर्ध्यापर्यंत चिरा द्या आणि आठ-दहा दिवसांनी फांदी पूर्ण कापा. लावताना मॉस ओढून काढू नका, एक तृतीयांश पाने कमी करा आणि रोप सुतळीने कुंडीला बांधा. ते हलले की नवी मुळे तुटतात. विटांचा चुरा, जाड वाळू आणि थोडे गांडूळखत एवढे पुरे. काळी माती नको. पुढचे तीन आठवडे शेडनेटखाली ठेवा.

छाट कलमही याच दिवसांत करा. वडाची बोटभर जाड, पक्व काडी डोळ्याच्या लगेच खाली कापा, चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवा, पाने अर्धी कापा आणि वाळू-कोकोपीटमध्ये खोचा. वटपौर्णिमेला बाजारात येणाऱ्या डहाळ्या कोवळ्या आणि कोमेजलेल्या असतात, त्यांच्यावर विसंबू नका. त्या डहाळ्यांसाठी दरवर्षी ओरबाडले जाणारे वड पाहून जीव तुटतो. शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडाची फांदी तर वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडूच नये. आपल्याच आवारात एक मातृवृक्ष वाढवा.

बोन्सायसाठी डाळिंबही देखणे. त्याची गुटी पावसाळ्यातच बांधतात, मुळांना दीड-दोन महिने द्यावे लागतात. छाटासाठी मात्र झाड विश्रांतीत असताना पेन्सिलीएवढी, २० ते २५ सेंटिमीटरची काडी घ्या. बागेत तेल्या रोग नाही याची खात्री आधी करा. रोगट काडीबरोबर रोग रोपवाटिकेत येतो. पानांवर तेलकट डाग दिसले तर त्या बागेतली एकही काडी घेऊ नका, निरोगी दिसणाऱ्या झाडाचीही नाही.