शहराबाहेरचं स्वस्त घर घेताना या चुका टाळा

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या चौकांत फलक लागतात. ‘शहरापासून फक्त १० मिनिटं, टू बीएचके रो हाऊस, मर्यादित युनिट्स’. जळगावला कुसुंबा, सावखेडा, असोदा. धुळ्याला नगाव, मोहाडी. भुसावळला साकेगाव, कंडारी. शहरात ज्या पैशात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट येतो, त्यात इथे अंगण, गच्ची आणि दारात गाडी लावायला जागा मिळते. माणसाला मोह होणारच, आणि त्यात वावगं काही नाही.

फक्त बयाणा देण्याआधी एक शोधून काढा: भाव कमी आहे तो नेमका कशामुळे? अंतरामुळे असेल तर सौदा चांगला. कागद, पाया किंवा पाणी यांतलं काही कमी असल्यामुळे असेल, तर उरलेले पैसे नंतर तुम्हीच भरणार आहात, आणि तेव्हा घासाघीस करायला समोर कुणी नसेल.

नमुना आठला मालकीचा कागद समजणं

खेड्याच्या हद्दीतल्या व्यवहारात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दलाल फाईल उघडतो, वरच ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा असतो, घरपट्टीची पावती असते, विजेचं बिल असतं. ‘भाऊ, सगळं क्लिअर आहे.’ नमुना ८ हे घरपट्टी आकारणीचं रजिस्टर आहे. कर कोण भरतं एवढंच ते सांगतं. ग्रामपंचायत विनापरवाना बांधकामालाही घरपट्टी लावू शकते, त्यामुळे पट्टी भरली म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही आणि जमीनही नावावर होत नाही.

गावठाणाबाहेर जमिनीची ओळख सातबाऱ्याने होते. गावठाणात, जिथे स्वामित्व योजनेतली ड्रोन मोजणी पूर्ण झाली आहे तिथे मिळकत पत्रिकेने. रो हाऊससाठी मागायचे कागद असे: जमीन बिनशेती असल्याचा अधिकृत कागद, मंजूर अंतिम रेखांकन (लेआउट), त्यात तुमचा प्लॉट नंबर, बांधकाम परवानगी आणि घर तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. ‘तात्पुरतं रेखांकन मंजूर आहे, अंतिम पुढच्या महिन्यात होतंय’ हे वाक्य ऐकलं की पुढच्या महिन्यातच या, असं सांगून उठावं. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला बिनशेतीची जागा घेत नाही.

सातबाऱ्यावर नावाइतकाच ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचा. बँकेचा किंवा विकास सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीतला हिस्सा, बहिणींचे हक्क, सगळं तिथे सापडतं. भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. नंदुरबार जिल्ह्यात, तसंच शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या पट्ट्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जमीन मूळ आदिवासी खातेदाराची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ नुसार पूर्वपरवानगी लागते. ती नसताना झालेला व्यवहार टिकत नाही आणि जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते, मग वर घर बांधलेलं असो वा नसो.

वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. त्याआधी घरबसल्या महाभूमी संकेतस्थळावर सातबारा आणि फेरफार, तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर जुन्या दस्तांची सूची २ (खरेदी-विक्रीच्या नोंदणीचा गोषवारा) पाहता येते. वकील मात्र तुमचा हवा. डेव्हलपरचा ‘आमचे वकील सगळं बघतात’ हा दिलासा त्याच्यापाशीच राहू द्या.

सामाईक सातबाऱ्यावर ‘एक गुंठा’ घेणं

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एवढ्यात छान घर होतं, म्हणून शेताचे गुंठे पाडून विकणाऱ्यांचं फावतं. तुकडेबंदी कायदा १९४७ पासून आहे. २०२३ साली किमान क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे केलं गेलं. एकेक गुंठा वेगळा विकता येत नाही, म्हणून दहा-बारा जणांना एकाच दस्तात सामाईक खरेदी देतात. सातबाऱ्यावर नाव येतं, पण कोणता तुकडा तुमचा हे कुठेच नसतं. तुमचा हिस्सा कागदावर अख्ख्या गटात पसरलेला असतो आणि कुंपण मात्र तुम्ही कोपऱ्यात घातलेलं असतं. त्यातल्या एकाने वाटणीचा दावा लावला की बाकीचे अकरा तारखांना हजर.

२०२५ मध्ये शासनाने शहरी आणि शहरालगतच्या भागांतले जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करायला सवलत दिली, आणि दलालांना नवं वाक्य मिळालं: ‘आता कायदाच उठला.’ जुना व्यवहार नियमित होणं वेगळं, नवा तुकडा पाडून विकणं वेगळं. तुमचा गट त्यात बसतो का, हे तहसील कचेरीत गट नंबर सांगून विचारा.

अशा जमिनीची सोपी परीक्षा म्हणजे राष्ट्रीयीकृत बँक. गृहकर्जाचा अर्ज घेऊन जा. बँक ‘बिनशेती नाही’ म्हणून फाईल परत करत असेल आणि दलाल ‘पतसंस्थेतून करून देतो’ म्हणत असेल, तर उत्तर मिळालं. मात्र बँकेने कर्ज दिलं म्हणजे मालकी शंभर टक्के निर्वेध, असंही नाही.

काळ्या मातीकडे दुर्लक्ष

कपाशीला जी माती सोनं वाटते तीच घराच्या जिवावर उठते. तापी-गिरणा काठची काळी माती पावसाळ्यात ओल पिऊन फुगते आणि चैत्र-वैशाखात इतकी आकसते की भेगांत हात जातो. ही हालचाल जमिनीखाली साधारण साडेतीन मीटरपर्यंत जाणवते. स्वस्तातल्या रो हाऊसचा पाया तीन-चार फुटांवर थांबवला, खाली मुरूम भरला नाही, प्लिंथ बीम (जोत्यावरची काँक्रीटची तुळई) घातला नाही, तर दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते आणि बाथरूमचं दार पावसाळ्यात अडकू लागतं.

तयार घर पाहताना नवा रंग बघत बसू नका. त्याच कॉलनीत तीन-चार वर्षांपूर्वी बांधलेल्या घरात जा. ‘पाणी मिळेल का ताई?’ म्हणून आत गेलात तरी भिंती दिसतात. बांधकाम चालू असेल तर विचारा: पाया कठीण मुरमापर्यंत नेला का, की तळाशी फुगीर असलेले (अंडर-रीम्ड) पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, घातलेत? काळ्या मातीसाठी ही पाइलची पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली, ती काही नवलाची राहिलेली नाही. साइट सुपरवायझरला याचं उत्तर देता येत नसेल तर डेव्हलपरला विचारा, आणि त्यालाही येत नसेल तर स्वतःच्या ओळखीचा सिव्हिल इंजिनिअर घेऊन पुन्हा या.

ताबा घेतल्यावर लोक स्वतःही चुका करतात. सांडपाण्याचा शोषखड्डा भिंतीला खेटून खणतात, नळाखालची मोरी उघडी ठेवतात, कडेला झाड लावून रोज पाणी घालतात. एका बाजूची माती कायम ओली, दुसरी कोरडी. घर सगळीकडून सारखं खाली बसलं तर एक वेळ चालतं, एकाच कोपऱ्यात बसलं की तडकतं. भिंतीभोवती उताराची दोन-तीन फुटी फरशी करून पाणी लांब काढून द्या.

एकदाच, तेही उन्हाळ्यात पाहणी करणं

आखाजीला पाणी तपासा, पोळ्याच्या सुमारास रस्ता. वैशाखात शेजारच्या घरी नळ किती दिवसांनी येतो, बोअर कधी आटते, टँकरला किती मोजावे लागतात, हे विचारा. यावल-रावेर या केळीच्या पट्ट्यात भूजल खोल गेलं आहे, तिथे ‘बोअर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. श्रावणात तोच रस्ता चिखलाचा होतो. रेखांकनातला रस्ता हमरस्त्याला कागदोपत्री मिळतो का, की मध्ये कुणाच्या शेताचा बांध आहे, हेही तेव्हाच कळतं. ऑगस्ट २०२१ मध्ये चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांनी काय केलं ते आठवत असेल, तर नाल्यालगतचा ‘गार्डन फेसिंग’ प्लॉट दोनदा पाहाल. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आसपास घर घेत असाल तर राखेचा विषय तिथल्या रहिवाशांना विचारा.

पैशांच्या छोट्या चुका

रेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाचा, नंबर मागा. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरं आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी लागते. नोंदवलेल्या साठेखताशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, त्यामुळे ‘आखाजीची ऑफर’ म्हणून ५ लाख रोख द्यायचा प्रश्नच नको. चौरस फूट ऐकताना चटई क्षेत्र (कार्पेट एरिया, घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा) विचारा. घर पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये.

‘सबसिडी करून देतो’ हे आमिष तपासा. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदान कमाल १.८० लाख आहे, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. त्यासाठी उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत लागतं. गाव योजनेच्या शहरी क्षेत्रात नसेल तर यातलं काही मिळणार नाही. वाटणीत गावाकडचं पक्कं घर नावावर आलं असेल तरीही नाही.

आधीच घेऊन बसला असाल तर

बिनशेती नसलेला प्लॉट असेल तर पहिलं काम म्हणजे तहसीलदार किंवा नगररचना कार्यालयात लेखी चौकशी. नियोजन क्षेत्रात असाल आणि बांधकाम ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचं असेल तर गुंठेवारी कायद्याखाली नियमित होण्याचा मार्ग असू शकतो. तोवर वरचा मजला चढवू नका.

भेगा पडल्या असतील तर लगेच पुट्टी भरू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि एक पावसाळा, एक उन्हाळा पाहा. जाळीसारख्या बारीक भेगा असतील आणि खुणेपुढे जात नसतील तर तो प्लास्टरचा दोष. तिरकी भेग ऋतूबरोबर उघडत-मिटत असेल तर पाया किंवा ओल, तिथे आधी पाण्याचा निचरा, मग दुरुस्ती. घर रेरात नोंदलेलं असेल आणि ताब्याला पाच वर्षं झाली नसतील तर बांधकामातला दोष डेव्हलपरला लेखी कळवा. ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. फोनवर सांगू नका, पत्र पाठवा आणि पोच ठेवा.

खरेदीखत झालं पण सातबाऱ्यावर नाव नाही, असं असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा तलाठी) फेरफाराची स्थिती विचारा. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, आणि बऱ्याचदा नोंद हरकतीमुळे नव्हे तर दस्तातल्या गट नंबरच्या चुकीमुळे अडकलेली असते. तसं असेल तर चूक-दुरुस्ती लेख मूळ विक्रेत्याकडूनच करून घ्यावा लागतो, म्हणून त्याचा मोबाइल नंबर आणि पत्ता दस्ताबरोबर जपून ठेवा.