डेबियनमध्ये पॅकेज सांभाळायला घेताना

डेबियन या लिनक्स-आधारित मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमसाठी काही करावे असे ज्याला वाटते, तो बहुधा आपल्या आवडत्या प्रोग्रामचे नवे पॅकेज, म्हणजे संगणकावर थेट बसवता येईल असा संच, तयार करायला बसतो. निदान पहिल्या वर्षी तरी तसे करू नये. पॅकेज बांधणे हे चार संध्याकाळींचे काम असते. मात्र ते भांडारात दाखल झाले की त्याचे बग, त्यातील सुरक्षेच्या त्रुटी आणि ते ज्यांवर अवलंबून आहे त्या लायब्ररींतले (सामाईक कोडच्या संचांतले) बदल वर्षानुवर्षे मेंटेनरचा, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याचा, पिच्छा पुरवतात. त्यापेक्षा आपल्याच संगणकावरची कोणती पॅकेजे पोरकी झाली आहेत ते आधी पाहावे. डेवस्क्रिप्ट्स या संचातली डब्ल्यूएनपीपी-अलर्ट ही आज्ञा नेमकी ती यादी दाखवते. नावापुढे 'ओ' असेल तर पॅकेजला वाली उरलेला नाही, 'आरएफए' असेल तर सध्याचा मेंटेनर ते दुसऱ्याच्या स्वाधीन करू इच्छितो, आणि 'आरएफएच' म्हणजे त्याला मदतनीस हवा आहे. नवख्याने हा शेवटचा प्रकार निवडावा, कारण तिथे चुका दाखवून देणारा माणूस आधीपासून हजर असतो. पोरके पॅकेज घ्यायचे ठरलेच, तर त्याच्या पोरकेपणाची नोंद ज्या बगमध्ये आहे त्याचे शीर्षक 'आयटीए' असे बदलून आपला इरादा नोंदवावा, म्हणजे दोघे जण एकाच वेळी तेच काम उपसत बसणार नाहीत.

पॅकेजचा स्रोत-कोड उतरवून घेतल्यावर त्यात 'डेबियन' नावाचे एक फोल्डर दिसते. मूळ लेखकांचा कोड, म्हणजे अपस्ट्रीम, त्याच्या बाहेर असतो आणि मेंटेनरचे सारे काम त्याच्या आत. कंट्रोल फायलीत वर्णन व अवलंबने (पॅकेजला लागणारी इतर पॅकेजे) असतात, रूल्समध्ये बांधणीची कृती असते (डेबहेल्पर या साधनसंचामुळे ती आता पुष्कळदा मोजक्या ओळींत आटोपते) आणि चेंजलॉगमध्ये प्रत्येक आवृत्तीची नोंद असते. कॉपीराइट ही चौथी फाइल सर्वांत कंटाळवाणी आहे, आणि म्हणूनच तिच्यात चुका राहतात. मुख्य परवाना जीपीएलसारखा मुक्त असला तरी कोपऱ्यातल्या एखाद्या फोल्डरमध्ये 'केवळ अव्यावसायिक वापरासाठी' अशी अट घातलेले चित्र निघते, आणि डेबियनने १९९७ साली स्वीकारलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा अटीला थारा नाही. नवे पॅकेज प्रथम 'न्यू' रांगेत थांबते आणि तिथे एफटीपी-मास्टर चमूतली माणसे परवाने खरोखरच तपासतात. म्हणून लायसन्सचेक ही आज्ञा चालवावीच, पण तिच्या निकालावर विसंबून न राहता शंकास्पद फायली डोळ्यांनी वाचाव्यात.

बांधणी आपल्या रोजच्या संगणकावर यशस्वी झाली म्हणून समाधान मानू नये. माझ्या पहिल्याच पॅकेजमध्ये बांधणीच्या अवलंबनांत पीकेजी-कॉन्फिग हे लायब्ररी शोधून देणारे साधन लिहायचे राहिले होते. माझ्याकडे ते कधीचेच बसवलेले असल्याने मला चूक दिसली नाही, आणि दुसऱ्याच्या यंत्रावर बांधणी पहिल्या मिनिटाला कोसळली. एसबिल्ड हे साधन प्रत्येक वेळी कोरे वातावरण उभारून त्यात फक्त कंट्रोल फायलीत लिहिलेल्या गोष्टी बसवते, त्यामुळे असली चूक घरातच सापडते. त्यानंतर पॅकेजमधल्या चुका शोधणारे लिंटियन चालवावे. त्याचा इशारा नीट समजून न घेता ओव्हरराइड लिहून त्याला गप्प करण्याची सवय लावून घेऊ नये.

आवृत्तीच्या क्रमांकात एक खाच आहे. '२.०-१' यात जोडरेघेच्या आधी अपस्ट्रीमची आवृत्ती आणि नंतर डेबियनच्या पॅकेजची कितवी खेप तो आकडा असतो. समजा २.० ची बीटा प्रत '२.०बीटा१-१' अशा क्रमांकाने अपलोड केली, तर पुढे आलेली '२.०-१' ही पॅकेजे बसवणाऱ्या डीपीकेजीच्या हिशेबाने जुनी ठरते आणि वापरणाऱ्यांच्या संगणकावर ती चढतच नाही. मध्ये '~' घालून '२.०~बीटा१-१' असे लिहिले की क्रम बरोबर लागतो. ही चूक नंतर निस्तरण्यासाठी क्रमांकाच्या सुरुवातीला '१:' असा इपॉक, म्हणजे बाकी क्रमांकाआधी तुलना होणारा आकडा, लावता येतो, पण तो एकदा चिकटला की कायमचा.

अपस्ट्रीमच्या कोडमध्ये बदल करावा लागला, तर तो 'पॅचेस' फोल्डरमध्ये वेगळा पॅच (बदलाची फाइल) म्हणून ठेवावा, त्याच्या माथ्यावर कारण लिहावे आणि तो मूळ लेखकांकडे पाठवून त्यांचे मत घ्यावे. हा केवळ शिष्टाचार नव्हे. २००६ साली डेबियनच्या ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीत, एका तपासणी साधनाच्या तक्रारीमुळे, यादृच्छिकतेचा साठा भरणारा कोड बंद करण्यात आला. परिणामी सांकेतिकीकरणाच्या किल्ल्या तयार होताना प्रक्रियेचा क्रमांक सोडून फारसे काही बदलते उरले नाही, आणि हे क्रमांक होते ३२,७६८ पर्यंतच. मे २००८ मध्ये दोष जाहीर झाला, तेव्हा मधल्या काळात बनलेल्या असंख्य किल्ल्या फेकून द्याव्या लागल्या. अपस्ट्रीमच्या प्रतीत तो बदल कधीच नव्हता.

नवी आवृत्ती आली की 'वॉच' फाइल वाचून यूस्कॅन ही आज्ञा ती उतरवते आणि मूळ लेखकांची किल्ली दिलेली असल्यास त्यांची डिजिटल सहीही पडताळते. तरीही जुन्या व नव्या स्रोतांतला फरक स्वतः चाळावा. २०२४ मध्ये एक्सझेड-यूटिल्स या फायली आकुंचित करणाऱ्या साधनसंचाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचे दार (गुपचूप शिरकाव करू देणारा कोड) निघाले. ते उघडणारी बांधणीची एक फाइल प्रकाशित टारबॉलमध्ये (स्रोताच्या एकत्र बांधलेल्या फायलीत) होती, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट भांडारात नव्हती. टारबॉल प्रकल्पाच्या सहमेंटेनरनेच प्रसिद्ध केलेला असल्याने नुसती सही पडताळून काही कळले नसते. टारबॉल आणि गिटमध्ये त्या आवृत्तीला लावलेला टॅग यांची तुलना करण्याचे काम कंटाळवाणे खरे, पण मी आता ते टाळत नाही.

अपलोड करण्याचा अधिकार नवख्याला नसतो. पॅकेज मेंटॉर्स सेवेवर ठेवून स्पॉन्सर मागावा. तो डेबियन डेव्हलपर तपासून, स्वतःची सही करून ते पुढे पाठवतो. बग दुरुस्त झाला असेल तर चेंजलॉगमध्ये 'क्लोजेस' शब्दापुढे त्याचा क्रमांक लिहावा, म्हणजे अपलोड स्वीकारले जाताच तो आपोआप बंद होतो. मध्यम तातडीचे अपलोड अनस्टेबल या पहिल्या शाखेतून टेस्टिंग या पुढच्या शाखेत जायला साधारण ५ दिवस लागतात, मात्र दरम्यान गंभीर बग आला किंवा एखाद्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारावर) बांधणी फसली तर ते तिथेच अडकते. म्हणून अपलोड केल्यावर आठवडाभर तरी पॅकेजची स्थिती दाखवणाऱ्या ट्रॅकरवर लक्ष ठेवावे.

वेळ मिळेनासा झाला, तर बगना उत्तर न देता पॅकेज अडवून ठेवू नये. आधी 'आरएफए' नोंदवावा. कोणी पुढे आले नाही तर त्याच बगचे शीर्षक 'ओ' करावे आणि पुढील अपलोडमध्ये मेंटेनरच्या जागी डेबियन क्यूए (गुणवत्ता) गटाचे नाव घालून पॅकेज मोकळे करावे.