घरच्या रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरला हलकं संरक्षण : बसवण्याआधीची तयारी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या अनेक मराठी घरांत तंबोरे आणि पेटी असतात त्याच खोलीत आता रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटरही असतो. त्यावर रियाझ रेकॉर्ड होतो, जुन्या कॅसेटी उतरवून घेतल्या जातात, परगावच्या शिष्यांना बंदिशी पाठवल्या जातात. या मशिनला संरक्षण हवंच, पण ते इतकं हलकं हवं की गाताना त्याची आठवणही होऊ नये. म्हणून काहीही डाउनलोड करण्याआधी कागद घ्या आणि या मशिनवर घरातलं कोण काय करतं ते लिहून काढा. बँकेचे व्यवहार, मुलांचे गेम, लग्नाचे फोटो, नातेवाइकांच्या मेलमधून आलेल्या फाइली यांतलं जे फोनवर किंवा दुसऱ्या मशिनवर हलवता येईल ते हलवा. यादी जितकी लहान होईल तितकं कमी सॉफ्टवेअर लागेल.

मग ॲन्टिव्हायरसमुळे गाण्यात नेमका कुठे अडथळा येतो ते समजून घ्या, कारण पुढची सगळी निवड त्यावर ठरते. ४४,१०० हर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (आवाजाचे नमुने तात्पुरते साठवायची जागा) ठेवला, तर आवाजाचा पुढचा तुकडा तयार करायला मशिनला जेमतेम २.९ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम झालं नाही तर कट्ट असा आवाज येतो आणि टप्पा गाताना घेतलेली जमजम्यांची तान तिथेच फुटते. ॲन्टिव्हायरसचं रिअल-टाइम, म्हणजे सतत जागं असणारं, संरक्षण उघडल्या जाणाऱ्या फाइली तपासतं. साधं एकट्याचं गाणं रेकॉर्ड करताना हे जाणवतही नाही. पण तंबोरा, सारंगी, स्वरमंडळ यांची सॅम्पल लायब्ररी, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संग्रह, लावली की एका वाद्यामागे शेकडो लहान फाइली उघडतात आणि प्रत्येकीवर पहारा बसतो.

आपल्याकडे याला उन्हाळ्याचीही जोड आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बारीकसा आवाजही टिपणारा कंडेन्सर माइक लावला की कूलर आणि छताचा पंखा दोन्ही बंद करावे लागतात. खोली तापते, लॅपटॉप तापतो. त्यात मागे स्कॅन चालू झालं की लॅपटॉपचा पंखा जोरात फिरू लागतो आणि षड्ज लावून थांबलेल्या जागेत त्याची घरघर रेकॉर्ड होते. गाणं तुटलं नाही तरी टेक वाया जातो. म्हणून सॉफ्टवेअर किती मेमरी खातं यापेक्षा ते स्कॅन केव्हा करतं हे आधी पाहा.

विंडोजची आवृत्ती तपासा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट मिळत नसतील, तर त्यावर कितीही चांगला ॲन्टिव्हायरस घातला तरी खालची भोकं उघडीच राहतात. मशिन विंडोज ११ घेण्याजोगं नसेल आणि रेकॉर्डिंगला उत्तम चालत असेल, तर त्याचं इंटरनेट कायमचं तोडा आणि ते निव्वळ रेकॉर्डिंगला ठेवा. अशा मशिनवर लावायचा पेनड्राइव्ह मात्र आधी अद्ययावत मशिनवर तपासून घ्यायचा.

आता मुख्य निवड. नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा ठरावीक मुदतीचा ॲन्टिव्हायरस आधीच घालून आलेला असतो. तो नको असेल तर नुसता बंद करू नका, पूर्ण काढा. बहुतेक कंपन्या त्यासाठी स्वतःचं रिमूव्हल टूल देतात, ते वापरून मशिन रीस्टार्ट करा. दुसरा ॲन्टिव्हायरस नसला की विंडोजमधला स्वतःचा ॲन्टिव्हायरस, डिफेंडर, आपोआप कामाला लागतो. एका मशिनवर दोन रिअल-टाइम ॲन्टिव्हायरस कधीच ठेवू नयेत. माझं मत स्पष्ट आहे: विंडोज ११ असलेल्या, नीट अपडेट होणाऱ्या, घरगुती संगीताच्या मशिनला डिफेंडर पुरतो. वेगळा पैसा खर्च करायचाच असेल तर तो बॅकअपच्या डिस्कवर करा.

तरीही दुसरा घ्यायचा असेल, तर दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आणि जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट या संस्था नियमित चाचण्या घेतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता या तिन्हींना प्रत्येकी ६ गुण देते. त्यातला वेगाचा रकाना आपल्या कामाचा. पण त्या चाचण्या फाइल कॉपी करणं, वेबसाइट उघडणं अशा कामांच्या असतात, गाण्याच्या नव्हेत. म्हणून आवाजाच्या कामात मशिन कुठे अडखळतं ते मोजणारं लेटन्सीमॉन हे साधन उतरवून घ्या. आधी आहे त्या स्थितीत, मग नवा ॲन्टिव्हायरस घालून, दोन्ही वेळा एक अख्खा ख्याल रेकॉर्ड होईल इतका वेळ ते चालू ठेवा आणि आकडे शेजारी शेजारी मांडा. मोफत मिळणाऱ्यांच्या बाबतीत गोपनीयतेच्या अटीही वाचा. लोकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले होते.

डिफेंडर ठेवला की त्याला आपल्या कामाप्रमाणे वळण लावा. आधी पूर्ण स्कॅन करा. ते स्वच्छ निघालं की मगच सॅम्पल लायब्ररीचा फोल्डर आणि रेकॉर्डिंगच्या ऑडिओ फाइलींचा फोल्डर एक्स्क्लूजन्समध्ये, म्हणजे तपासणीतून वगळायच्या यादीत, घाला. डाउनलोड्सचा फोल्डर, प्लगिनचा फोल्डर किंवा अख्खी सी ड्राइव्ह कधीही वगळू नका. अनेक ठिकाणी प्लगिनचा फोल्डर वगळायचा सल्ला मिळतो, तो मला धोक्याचा वाटतो. प्लगिन म्हणजे रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमला जोडलेला, चालणारा प्रोग्रॅमच असतो, सॅम्पल ही नुसती नोंद असते. ठरलेलं स्कॅन टास्क शेड्यूलरमधून रियाझाच्या वेळेबाहेर, रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला लावा. त्या स्कॅनला प्रोसेसर सरासरी ५० टक्क्यांपर्यंत वापरायची मुभा मुळातच असते. पॉवरशेल (विंडोजला टाइप करून आज्ञा द्यायचं साधन) हाताळणारं कुणी घरात असेल तर ती २० वर आणून घ्या.

रॅन्समवेअरपासून, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमपासून, फाइली वाचवणारी ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही सोयही तिथेच आहे. ती चालू केलीत तर एक गोष्ट लगेच करा: रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम तिच्या परवानगीच्या यादीत घाला. नाही तर म्युझिक फोल्डरमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होत नाही आणि दोष डिस्कचा आहे असं वाटत राहतं.

फायरवॉलसाठी वेगळी खरेदी लागत नाही. विंडोजची स्वतःची फायरवॉल २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून मुळातच चालू असते आणि बाहेरून येणारं अनोळखी कनेक्शन अडवते. घरच्या वाय-फायला ‘पब्लिक’ हेच प्रोफाइल राहू द्या. आयपॅडवरून वाय-फायने मिडी (वाद्याच्या सुरांचे संकेत) पाठवत असाल तरच ‘प्रायव्हेट’ करा आणि ५००४, ५००५ हे यूडीपी पोर्ट, म्हणजे नेटवर्कचे दरवाजे, फक्त त्या प्रोफाइलसाठी उघडा. एखादा प्रोग्रॅम परवानगी मागत पुढे आला तर आधी त्याचं नाव वाचा. मशिनमधून बाहेर काय जातं त्यावरही ताबा हवा असेल तर टायनीवॉल हे सॉफ्टवेअर बघा. ते विंडोजच्याच फिल्टरवर चालतं आणि टेकच्या मध्ये खिडक्या उघडून प्रश्न विचारत नाही. मात्र त्यात आयलॉकसारख्या लायसन्सच्या प्रोग्रॅमना परवानगी द्यायला विसरू नका, नाही तर ऐन वेळी प्लगिन उघडत नाहीत. राउटरचा मूळ पासवर्ड बदललेला असावा, हे सांगायला नकोच.

सगळं लावून झालं की आयकार चाचणीची फाइल डाउनलोड्समध्ये उतरवा. ६८ अक्षरांची ही फाइल निरुपद्रवी असते आणि ॲन्टिव्हायरस जागा आहे का ते पाहायलाच बनवलेली आहे. ती लगेच पकडली गेली नाही, तर एक्स्क्लूजन्स पुन्हा तपासा.

माझ्या मते या यादीतली सगळ्यात महत्त्वाची बाब सॉफ्टवेअरच्या निवडीची नाहीच. फुकटात मिळणारे क्रॅक केलेले, म्हणजे लायसन्सचं कुलूप फोडलेले, प्लगिन घरात येऊ देऊ नका. २०१९ मध्ये ईसेट या कंपनीच्या संशोधकांना लाउडमायनर हा घातक प्रोग्रॅम सापडला. १३७ क्रॅक केलेल्या संगीताच्या प्रोग्रॅमांबरोबर तो पसरवला जात होता आणि आत लपवलेल्या आभासी मशिनमधून (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरमधून) दुसऱ्याच्या फायद्यासाठी क्रिप्टोचलन खणत होता. संगीताची मशिन निवडण्यामागे त्यांनी ओळखलेलं कारण विचार करायला लावणारं आहे: या मशिन ताकदवान असतात आणि त्यांचा प्रोसेसर तापलेला दिसला तर मालकाला त्यात वावगं वाटत नाही. पैसे नसले तरी वाट आहे. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमांपैकी ऑडॅसिटी मोफत आहे, रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतो. एखादा विद्यार्थी ‘सर, माझ्याकडे सगळे प्लगिन आहेत’ म्हणत पेनड्राइव्ह पुढे करतो, तेव्हा त्याला प्रेमाने नाही म्हणा. तबलजींनी ठेक्याचं रेकॉर्डिंग आणलं असेल तर पेनड्राइव्हवर राइट-क्लिक करून आधी स्कॅन करा आणि त्यातली फक्त वेव्ह फाइल घ्या.

बॅकअपसाठी बाहेरची डिस्क आणून ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर तासाभराच्या स्टिरिओ बैठकीला सुमारे १ जीबी लागते, म्हणजे १ टीबीच्या डिस्कमध्ये जवळपास हजार तासांचा रियाझ मावतो. गुरुजींच्या कॅसेटीवरून उतरवलेल्या फाइलींची मात्र आणखी एक प्रत दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा मुलीकडे ठेवा. त्या कॅसेटी पुन्हा वाजतीलच असं नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी डिफेंडर बंद करण्याची गरज नाही. सुरुवातीला वाय-फाय बंद करा, कारण त्याचा ड्रायव्हरही बफरच्या आड येतो आणि नेट नसल्यावर अपडेट मध्ये उतरत नाहीत. नोटिफिकेशन बंद ठेवा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा. गाणं झालं की आधी डिस्क लावून फाइली कॉपी करा, एक फाइल डिस्कवरूनच वाजवून ऐका, डिस्क काढून कपाटात ठेवा, आणि मग वाय-फाय चालू करून अपडेट उतरू द्या.