रेसिडेन्सीला जाताना काम अर्धं असू दे

गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ. त्याची गोल पानं हाताने रंगवायला लागून मला सात वर्षं झाली. मी चितारी घरातली नाही, सावंतवाडीत येऊन शिकले. पहिल्यांदा रेसिडेन्सीला, म्हणजे कलाकारांनी काही दिवस एकत्र राहून काम करायच्या ठिकाणी, बोलावणं आलं तेव्हा अख्खा दशावतारी संच घेऊन गेले, दहा अवतारांचे दहा रंग (इस्पिक-बदामसारखे), प्रत्येकी १२, अशी १२० पानं. सगळ्यांनी कौतुक केलं आणि विषय तिथेच संपला. तयार वस्तूवर कोण काय बोलणार? दुसऱ्या वेळी वेंगुर्ल्याजवळ तीन आठवडे राहायचं होतं, तेव्हा खळ लावून घोटलेली कोरी पानं तेवढी नेली.

पडवीत माझ्या शेजारी पिंगुळीचे एक चित्रकथीवाले, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे, काका बसायचे. मी मत्स्यावताराच्या राजाचे दागिने काढत होते, एका केसाच्या कुंचल्याने. काकांनी पान उचललं, अंगणात तुळशीपर्यंत गेले आणि तिथून माझ्याकडे धरलं. "गो चेडवा, काय दिसता?" नुसता रंगाचा ठिपका दिसत होता. "माझां चित्र अंगणातल्या माणसाक दिसाक व्हया. तुझां हातातल्या हातात, ता खरां. पण डाव मांडल्यार समोरच्याक राजा वळखाक येतलो?"

मला उत्तर देता येईना. गंजिफा तिघं खेळतात, पान चादरीवर पडतं आणि समोरून उलटं दिसतं. मी मात्र इतकी वर्षं फ्रेममध्ये लावायची पानं काढत होते. त्या रात्री दागिने कमी केले, राजाची कड जाड केली, मासा मोठा केला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं खरंच खेळायला बसलो. चार पानं ओळखता आली नाहीत, ती पुन्हा काढली.

एका छपराखाली बसून काम करणं आपल्याकडे नवीन नाही. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी आपल्या राजवाड्यात कारागीर बसवले, म्हणून ही कला आज माझ्या हातात आहे. शेजारी कोण बसतं यावर फार काही ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या चिंचोक्याच्या खळीला पावसाळ्यात बुरशी धरायची. पुस्तकबांधणी करणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं, त्यांच्याकडे खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. लाखेची खेळणी करणारा मुलगा लगेच म्हणाला, मोरचूद विषारी, पोरं खेळणी तोंडात घालतात, तिथे अजिबात नको. दोघांचंही खरं होतं. मी आता थोडी थोडी खळ शिजवते आणि त्याच दिवशी संपवते.

नव्याने जाणाऱ्यांनी व्यवहाराचं आधी विचारून घ्या. सामानाचा खर्च कोण करणार, तिथे केलेली वस्तू कोणाची, फोटो कुठे वापरणार, हे सगळं लेखी घ्या. एका ठिकाणी माझी आठ पानं ठेवून घेतली, कागदावर काही नव्हतं म्हणून मागता आली नाहीत. आणि चतुर्थीच्या तोंडावर जाऊ नका. तेव्हा रंगाचा हात असलेला जो तो गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करायच्या जागी, असतो, गप्पांना माणूस मिळत नाही. दिवाळीनंतर जा, पानंही लवकर सुकतात.

काकांनी जाताना एक पान मागून घेतलं. मी चांगलं निवडायला लागले, तर म्हणाले, "ता नको, वळखाक इल्लां नाय ता दी."