इंजिनात प्लॅस्टिकचा बुश बसवताय? या चुका टाळा

पीईईके (पॉलिइथर-इथर-कीटोन) हे उष्णता सोसणारं कठीण प्लॅस्टिक. त्याचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळीसारखी कडी, जाम झाला की पहिला संशय मालावर जातो: ज्यातून बुश कातला तो रॉडच डुप्लिकेट असेल. तसंही घडतं, पण बऱ्याचदा रॉड अस्सल असतो आणि चूक ड्रॉइंगवरच झालेली असते.

एकाच आकड्यावर विश्वास

पीईईकेच्या डेटाशीटवर सतत वापराचं तापमान २५० ते २६० अंश सेल्सिअस दिलेलं असतं. या आकड्यावरून फक्त एवढं कळतं की दीर्घकाळ तापवत ठेवलं तरी माल खराब होत नाही. त्या तापमानाला तो किती भार पेलेल, हा वेगळाच प्रश्न आहे. पीईईके ३४३ अंशांना वितळतं, पण १४३ च्या आसपासच त्याचा ताठपणा झपाट्याने उतरायला लागतो आणि प्रसरण दुपटीहून वाढतं. १८० अंशांवर भार घ्यायचा असेल तर साधा रॉड नको. कार्बन फायबर भरलेली ग्रेड घ्या, नाहीतर पॉलिअमाइड-इमाइड हे दुसरं प्लॅस्टिक, जे २७५ अंशांच्या आसपासपर्यंत ताठ राहतं.

शिवाय तापमान मोजायचं ते घासणाऱ्या पृष्ठभागाचं. तेल १२० अंशांवर आहे म्हणून बुशही १२० वर असेल असं नाही. पीईईकेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पोलादाच्या जवळपास दोनशेव्या भागाइतकी आहे, त्यामुळे घर्षणाची उष्णता जागीच कोंडते. म्हणून दाब आणि वेग यांचा गुणाकार, म्हणजे पीव्ही, काढलाच पाहिजे. कंपनीने दिलेली पीव्ही मर्यादा कोरड्या चाचणीची आहे की तेलातली, हेही विचारून घ्या.

धातूचाच क्लिअरन्स (शाफ्ट आणि बुश यांच्यातली फट) ठेवणं

सगळ्यात जास्त जॉब इथे वाया जातात. ३० मिमी व्यासाची कडी २५ वरून १४० अंशांवर नेली, तर पोलादाची सुमारे ०.०४ मिमी वाढते आणि पीईईकेची ०.१७. ब्राँझ बुशचं ड्रॉइंग उचलून त्यावर फक्त मटेरिअल बदललं की काय होणार ते दिसतंच आहे.

प्रेस-फिट, म्हणजे दाबून घट्ट बसवलेल्या बुशात तर आणखी पेच असतो. बाहेरच्या बाजूला हाउसिंग (बुश ज्यात बसतो ते धातूचं घर) त्याला वाढू देत नाही, म्हणून बुश आतल्या बाजूला फुगतो आणि भोक आवळलं जातं. ओळखण्याची खूण अशी: गरम इंजिनात शाफ्ट धरला गेला, पण थंड झाल्यावर तोच बुश हाउसिंगमध्ये सैल हलतो. गरम असताना दाबाखाली तो कायमचा चेपला गेलेला असतो. उपाय म्हणजे भिंत शक्य तितकी पातळ ठेवा, बुशाला तिरका काप द्या आणि क्लिअरन्स गरम स्थितीतला काढा. रॉड अ‍ॅनील केलेला (तापवून हळूहळू थंड करून आतला ताण काढलेला) नसेल तर फिनिश कटाच्या, म्हणजे शेवटच्या बारीक कापाच्या, आधी करून घ्या, नाहीतर पहिल्याच तापण्यात भोक लंबगोल होतं.

‘सगळ्यात गुळगुळीत’ म्हणून टेफ्लॉन

पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं, घर्षण खरोखर कमी, गुणांक ०.०५ ते ०.१०. पण काही न भरलेलं पीटीएफई भाराखाली हळूहळू पसरतं आणि लवकर झिजतं. आणखी एक गोष्ट: १९ अंशांच्या आसपास त्याची स्फटिकरचना बदलते आणि आकारमान १ टक्क्याहून थोडं जास्त वाढतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी मोजलेला जॉब दुपारी मापाबाहेर जातो तो यामुळे. मोजणीचं तापमान ठरवून घ्या आणि तेच पाळा.

घासणाऱ्या भागासाठी कार्बन फायबर, ग्रॅफाइट आणि पीटीएफई प्रत्येकी १० टक्के असलेलं पीईईके जास्त भरवशाचं वाटतं. काचतंतू भरलेली ग्रेड स्वस्त पडते, पण ती मऊ शाफ्टला ओरखडते. अ‍ॅल्युमिनिअमवर तर नकोच. शाफ्ट कठीण केलेला हवा आणि फिनिश आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) ०.२ ते ०.४ मायक्रॉन. आरशासारखं पॉलिश केलं तर प्लॅस्टिकचा पातळ थर शाफ्टवर नीट चिकटत नाही, आणि झीज कमी ठेवतो तो थरच.

ओल आणि गरम पाणी

पॉलिअमाइड-इमाइड हवेतली ओल शोषतं. पावसाळाभर उघडं पडलेलं वॉशर एकदम तापवलं तर फोड येतात किंवा ते वाकतं. आधी ओव्हनमध्ये हळूहळू सुकवा. मशीनिंगनंतर पुन्हा क्युअर केलं (ओव्हनमध्ये ठरावीक तापमानाला ठेवून पक्कं केलं) तर झीज कमी होते, तो खर्च वाचवू नका. गरम पाणी आणि वाफ मात्र त्याला सोसत नाही. कूलंट पंपाजवळ पीईईके किंवा पीपीएस (पॉलिफेनिलीन सल्फाइड) वापरा.

सगळंच प्लॅस्टिकचं करण्याचा मोह

अमेरिकन अभियंता मॅटी होल्झबर्ग यांचं पॉलिमोटर इंजिन १९८०च्या दशकात अमेरिकेत शर्यतीत धावलं. ब्लॉकसुद्धा प्लॅस्टिक कंपोझिटचा होता, तरी दहनकक्ष, पिस्टनचे माथे आणि क्रँकशाफ्ट धातूचेच होते. थ्रस्ट वॉशर, चेन गाइड, सील रिंग या प्लॅस्टिकच्या खऱ्या जागा. पिस्टनच्या स्कर्टला बहुतेक वेळा ग्रॅफाइटचं किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं कोटिंग पुरतं. त्यातला बाइंडर (कोटिंग धरून ठेवणारा पदार्थ) अनेकदा पॉलिअमाइड-इमाइडच असतो.

आणि पीटीएफईचा चुरा, तुकडे कधीही जाळू नका. फार तापल्यावर त्यातून विषारी वायू निघतात. लेथपाशी काम करताना विडी-सिगारेट लांब ठेवा. बोटांवरचा चुरा तिला लागला तर तो धूर थेट छातीत जातो, आणि काही तासांत थंडी वाजून ताप भरतो.